कमरेत अर्धा इंच

१२ फेब्रुवारी

बटण गेला. सकाळी साडेनऊला, मशीनखाली, माझ्या डाव्या पायावर डोकं ठेवून. आज एवढंच.

१३ फेब्रुवारी

कालचं लिहून टाकते. नाहीतर आतल्या आत कुजेल.

एका जॅकेटची चेन बदलत होते. पायावरचं डोकं एकाएकी जड झालं. वाटलं, लागली झोप बिचाऱ्याला, रात्रभर तळमळत होता. म्हणून पाय हलवला नाही. अख्खी चेन लावून झाली, दोरा तोडला, मग हाक मारली — तेव्हा कळलं. म्हणजे पंधरा मिनिटं मी गेलेल्या कुत्र्याची झोप मोडू नये म्हणून जपून शिवत होते.

शेजारच्या टपरीतून किल्लेदार धावत आले. चाव्या-कुलपांचं काम करतात म्हणून किल्लेदार. सिस्टरने, माझ्या शाळेपासूनच्या नर्स मैत्रिणीने, ठेवलेलं नाव, आता पोस्टमनसुद्धा तेच म्हणतो. माझ्या दुकानाचं शटर त्यांनीच अर्धं ओढलं आणि सिस्टरला फोन केला. ती ड्यूटीवर होती. जेवणाच्या सुट्टीत युनिफॉर्ममध्येच आली, खाली फरशीवर माझ्या शेजारी बसली. शाळेत बाकावर बसायची तशी, खांद्याला खांदा लावून.

कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत जागा मिळाली. तिथलं कुलूप गेल्या वर्षी किल्लेदारांनी फुकट उघडून दिलं होतं, ते असं कामाला आलं. बटणला गुंडाळायला मी राखाडी सॅटिन काढलं. सहा वर्षं एखाद्या चांगल्या कोटाच्या अस्तरासाठी जपलेलं! कातरी हातात घेतली, पण कापवेना. अख्खा तागाच त्याच्याभोवती गुंडाळला.

१५ फेब्रुवारी

दुकान उघडलं. टीप वाकडी जातेय. मला आधी मशीनचा दोष वाटला, तेल घातलं, सुई बदलली. मग लक्षात आलं — अकरा वर्षं मी एकाच पायाने मशीन चालवलीय. डावा पाय बटणचा होता. आता दोन्ही पाय मोकळे आहेत आणि मला दोन पायांनी शिवताच येत नाही.

एका पँटची मोरी, पायाकडची दुमड, तीनदा उसवली.

१८ फेब्रुवारी

हे कुणाला सांगितलेलं नाही. कागदाला सांगते.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्या शेवटच्या आठवड्यात विचारलं होतं, "दोन महिने तरी वजन उतरतंय याचं. लक्षात नाही आलं?" रागाने नाही, साधंच विचारलं. मूत्रपिंडं गेली होती.

लक्षात कसं येईल? केस एवढे दाट. पण पट्टा? डिसेंबरात गळ्यातला पट्टा सैल झाला, तेव्हा मीच आरीने त्याला नवीन भोक पाडलं. जानेवारीत दुसरं पाडलं. वर किल्लेदारांना म्हणाले, हल्लीचं चामडं काही खरं नाही, ताणतं. चामडं ताणत नव्हतं, कुत्रा वाळत होता. मापं घेऊन पोट भरणारी बाई मी, माणूस दारातून आत येताना त्याची छाती किती ते सांगते, आणि माझ्या पायाशी निजणाऱ्या जिवाचं माप मला कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

दोन महिने आधी नेलं असतं तर?

२० फेब्रुवारी

गुरुवार, सिस्टरची सुट्टी. आल्या आल्या पंखा लावला — या दिवसांत! — आणि मला केस धुवायला पिटाळलं. "किती दिवस झाले, खरं सांग." मी सांगितलं नाही. केस धुऊन बाहेर आले तर बाईसाहेबांनी काउंटर पुसून घेतलं होतं, रिळं रंगाप्रमाणे लावली होती आणि बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला होता. घरी सासूबाईंचं आवरता आवरता स्वतःचं खायचं राहून जातं म्हणाली. सासूबाई वर्षभर अंथरुणावर आहेत, लेकाची परीक्षा तोंडावर, वॉर्डात दोन जणी रजेवर. हे सगळं ती असं सांगते की ऐकणाऱ्याला हसू येतं.

युनिफॉर्मच्या पँटी कमरेत टाइट करून हव्या होत्या. माप घेतलं, वहीत लिहिलं, अर्धा इंच आत घेतला. बरं वाटलं. कुणाचं तरी काम सरळ टिपेत झालं.

पट्ट्याचं तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "तू त्याला अकरा वर्षं दिलीस, दोन महिन्यांचा हिशेब काय मांडतेस?" मला पटलं नाही. पण तिने म्हटलं, हे बरं झालं.

२४ फेब्रुवारी

दिवसभर कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. किल्लेदार तीनदा येऊन किती वाजले विचारून गेले. तिन्ही वेळा त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं.

१ मार्च

दादाचा फोन. वहिनी पण मागून बोलत होती. दुकान बंद कर, आमच्याकडे ये, खोली रिकामीच आहे. "आता तिथे आहे कोण तुझं?" मनाने चांगलाच आहे दादा. मी विचार करते म्हणाले. खरंच केला दिवसभर.

दुकान आणि त्यामागची एक खोली. बटण होता तोवर हे घर होतं.

६ मार्च

एक गिऱ्हाईक भांडून गेलं. ब्लेझर कमी करून दिला तर म्हणे आत एवढं कापड का ठेवलंय, शिलाई जाड लागते. मी सांगितलं, मी कापत नाही. पन्नास वर्षांची झाले, या हातांनी कुणाचं जास्तीचं कापड कापलेलं नाही, आत दुमडून टाके घालते. ज्यांच्या हाताखाली शिकले त्या बाई म्हणायच्या, कापलेलं परत येत नाही, दुमडलेलं येतं. माणूस काय, आज बारीक, उद्या जाड. ब्लेझरवाला म्हणाला, मी जाड होणार नाही. म्हटलं, देव तुमचं भलं करो, बारीक दिसताय तोवर घालून घ्या.

किल्लेदार टपरीत बसून सगळं ऐकत होते. त्यांचा एक कान काम करत नाही, पण भांडणाच्या वेळी दोन्ही करतात. नंतर चहा घेऊन आले. म्हणाले, "ताई, आज तुम्ही पुन्हा तुमच्यासारख्या बोललात." मला तोवर कळलंच नव्हतं, की महिनाभर मी माझ्यासारखी बोलत नव्हते.

११ मार्च

पहाटे सहाला पाय आपोआप रस्त्यावर येतात. बटणच्या फिरण्याची वेळ. आधी लाज वाटायची, हातात साखळी नाही आणि मी खांबाखांबापाशी थांबतेय. आठवडाभर सिस्टर सोबत येते. तिला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणे. थाप! नर्सला कोण काय सांगणार. पण मी विचारलं नाही. कुणी आपल्यासाठी थाप मारत असेल तर ती निमूट घ्यावी.

चढावर तिला धाप लागली. दोनदा थांबली. म्हणाली, वय झालं गं. माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहे!

२० मार्च

आज वाईट झालं.

सिस्टर पँटी घेऊन आली, परत सैल. मी माप घेत होते आणि तोंडाने पट्ट्याचं पुराण चालूच. पहिलं भोक, दुसरं भोक. ती एकदम उसळली — "पुरे ना आता! एका कुत्र्यावरून किती दिवस? इथे माणसं मरतात रोज माझ्यासमोर!" आणि पर्स घेऊन निघून गेली. चाळीस वर्षांत ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती.

टेप हातातच राहिली. काही वेळाने अर्धा इंच आत घेतला, इस्त्री केली, पँटी किल्लेदारांच्या हाती धाडल्या. त्यांनी काही विचारलं नाही. या माणसाचं हेच मला आवडतं, तोंडाचं कुलूप त्याला लावता येतं.

२२ मार्च

सकाळी सहाला दारात उभी. डोळे सुजलेले. "मला काय होतं कळत नाही हल्ली. घरीपण सगळ्यांवर खेकसते." मी आत घेतलं. मग दोघी रडलो, मग हसलो, मग तिने माझ्या वाटणीची पोळीही खाल्ली. लेक नापासच होणार असं तिला वाटतंय, सासूबाई तिला ओळखेनाशा झाल्यात, वॉर्डात सलग दोन पाळ्या कराव्या लागतात. तरी माझ्याबरोबर सकाळी चालायला येते! मी काय पुण्य केलं होतं कुणास ठाऊक.

शिवायला मदत करते म्हणाली. सुईत दोरा ओवेना, हात थरथरत होता. मी चिडवलं, "माणसांच्या शिरा शोधतेस आणि सुईचं नाक सापडत नाही?" म्हणे चहा जास्त झालाय.

मी ठरवलंय, पट्ट्याचं नाव तिच्यापुढे काढायचं नाही. तिला तिचं काय कमी आहे?

५ एप्रिल

किल्लेदारांनी पितळेचा आकडा बनवून आणला. जुन्या चाव्या वितळवून केला म्हणाले. खरं खोटं त्यांना माहीत. मशीनसमोरच्या भिंतीत स्वतः ठोकला आणि बटणचा पट्टा त्यावर अडकवला. मी तो कपाटात चिंध्यांखाली दडवला होता, हे त्यांना कसं कळलं? म्हणाले, "दडवलेली वस्तू जास्त टोचते, ताई. मी कुलपांचं काम करतो, मला माहीत."

पहिले दोन तास तिकडे बघवत नव्हतं. संध्याकाळी बघितलं. दोन जास्तीची भोकं, माझी. बाकीची पाच त्याची.

१७ एप्रिल

दोन्ही पायांनी सरळ टीप आली! अडीच फुटांचा पडदा, एका दमात.

सिस्टर आली होती. पँटी आणल्याच होत्या, ओशाळून हसत. या खेपेला अर्धा नाही, पाऊण इंच. म्हटलं, आमच्या पोटावर टायर चढतायत आणि तू मेली नवरीसारखी बारीक होतेयस, सकाळचं चालणं तुलाच लागू पडलं. ती म्हणाली, तुला हसताना बघून बरं वाटलं. वहीत माप लिहिलं. शिवताना मी गुणगुणत होते.

आज बटणसाठी डोळ्यांत पाणी आलं नाही. दिवस मावळताना आठवलं, की आलं नाही.

२१ एप्रिल

मापाची वही संपली. वही बदलते तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांची मापं जुनीतून नवीत उतरवते. एकाचं सगळं एका ओळीत, म्हणजे पोट सुटलं की कापड किती सोडायचं ते कळतं. दुपारी ऊन होतं, गिऱ्हाईक नव्हतं, एकेक नाव उतरवत बसले. सिस्टरची पाळी आली.

पँटची कमर. जानेवारी चौतीस. फेब्रुवारीत साडेतेहतीस. मार्चमध्ये तेहतीस. गुरुवारी माप घेतलं तेव्हा साडेबत्तीस, आणि पँट बसवली पावणेबत्तीसवर.

चार वेळा माझ्या हाताने लिहिलं. चार वेगवेगळ्या पानांवर होतं तेव्हा ती चार कामं होती. एका ओळीत आलं आणि माझा हात थांबला. जानेवारीत घेतला अर्धा, मग अर्धा, मग अर्धा, मग पाऊण. सव्वादोन इंच. साडेतीन महिन्यांत. बिस्किटांचा पुडा संपवून, माझ्या वाटणीची पोळी खाऊन!

मान वर केली तर समोर आकडा, आकड्यावर पट्टा, पट्ट्याला दोन भोकं.

पंखा. धाप. थरथरणारा हात. उगाच ओरडणं. सगळं माझ्यासमोर झालं, सगळं मी याच पानांवर लिहून ठेवलंय, आत्ता मागे जाऊन वाचलं. आणि मी तिला नवरी म्हणाले. ती माझं दुःख पुसायला येत होती आणि मी तिला टिपा मारून परत पाठवत होते. बटणच्या वेळी मला माहीत नव्हतं असं तरी म्हणता येत होतं.

किल्लेदारांना सांगितलं. ते म्हणाले, "बटणचं उशिरा कळलं. हिचं आज कळलंय ना?"

२२ एप्रिल

वही आणि पट्टा पिशवीत घालून तिच्या वॉर्डात गेले. तिच्या जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यात बसलो. मी ओळ दाखवली. आधी हसली. ताण गं, धावपळ गं, सासूबाईंची जागरणं. माझ्यासमोर घडाघडा बोलायला लागली की समजायचं, काहीतरी झाकतेय. शाळेत गृहपाठ केला नसला की अशीच बोलायची.

मी पट्टा काढून तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "याला मी दोन भोकं पाडली. तुला चार टिपा मारल्या. पाचवी मारणार नाही."

ती पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग युनिफॉर्मच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. रक्ताच्या तपासण्या, तिच्याच डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. तारीख एक एप्रिल. घड्यांवर कागद फाटायला आला होता.

तीन आठवडे!

"आई अशीच वाळत गेली होती," ती म्हणाली. "मी रोज लोकांना सांगते, घाबरू नका, तपासून घ्या. आणि मला तो कागद लॅबच्या खिडकीपाशी द्यायला जमेना. आणि तू नुकती कुठे गुणगुणायला लागली होतीस. तुला कुठे परत त्यात ओढू?"

दुसऱ्यांना दिवा दाखवणारी ही, आणि हिच्याच दिव्याखाली अंधार. मला तिचा राग आला, माया आली, स्वतःची लाज वाटली, सगळं एकदम. म्हटलं, मूर्ख बाई, उठ. तो कागद मीच खिडकीत दिला. रक्त देताना तिने डोळे मिटून माझं मनगट धरलं होतं. दिवसाला वीस जणांना सुया टोचते!

दुकान किल्लेदारांनी सांभाळलं. दोन गिऱ्हाइकांचे कपडे अदलाबदल करून दिले. ब्लेझरवाल्याला कुणा बाईंचा झगा गेलाय.

२४ एप्रिल

रिपोर्ट उद्या. मन चिंती ते वैरी न चिंती. झगा परत आला.

२५ एप्रिल

थायरॉइड!

गळ्यातली एवढीशी ग्रंथी, ती वेड्यासारखी जास्तीचं काम करत होती. बाकी काही नाही. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, बाकी काही नाही, आणि सिस्टर तिन्ही वेळा "नक्की ना?" म्हणाली. गोळ्या घ्यायच्या, नियमित तपासायचं, सलग दोन पाळ्या बंद. आणखी काही महिने असंच चाललं असतं तर हृदयावर आलं असतं म्हणाले. ठोके आत्ताच फार आहेत. मी मापाची वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली आणि विचारलं, हे कुणी लिहिलं? ती म्हणाली, माझ्या शिंपिणीने.

जीव भांड्यात पडला. परतताना रोपवाटिकेत गेलो. बटणच्या जागेवर किल्लेदारांनी कधीतरी रोप लावलंय, त्याला चार पानं आलीत. तिथे उभी राहून मी त्याला मनातल्या मनात म्हटलं, तुझ्या वेळी चुकले. तू शिकवलंस ते हिच्या वेळी उपयोगी पडलं. माफी नाही मागितली. आभार मानले. तेच खरं वाटलं.

१० मे

मंगळवार आणि शनिवार दुपारी सिस्टरच्या सासूबाईंपाशी मी बसते, हातशिलाईचं काम सोबत नेते. त्या मला त्यांची धाकटी बहीण समजतात. मीही हो म्हणते. धाकटं म्हणणारं दादाशिवाय आता दुसरं कोण उरलंय! लेक नापास झाला नाही. काठावर पास झाला, पण रुबाब असा की पहिला आलाय. किल्लेदार रोज दुपारी दोनला दवाखान्यात फोन लावून "गोळी?" एवढंच विचारतात आणि ठेवतात. पहिल्या दिवशी भलत्याच वॉर्डात फोन गेला होता.

दादाला फोन केला. दुकान बंद करत नाही म्हणाले. तो म्हणाला, अगं पण तिथे आहे कोण तुझं? या वेळी विचार करावा लागला नाही. सांगितलं, एक आहे जी माझ्यासाठी थापा मारते, आणि एक आहे ज्याला घड्याळ असून वेळ विचारावी लागते. दादाला काही कळलं नाही. सुट्टीत येऊन बघतो म्हणाला. ये म्हटलं.

२६ जून

सिस्टर सकाळी चढावर न थांबता गेली. मी थांबले!

१४ ऑगस्ट

गुरुवार. सिस्टर आली, पंखा लावला नाही. काउंटरवर पँटी टाकल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "कमरेत आवळतंय गं."

चौथी टीप उसवली. कापड आतच होतं.